तीन घेणेकरी घेऊन बँकेत

पौड, तालुका मुळशी
बुधवार, दुपारची नमाज उरकून

माननीय अण्णासाहेब गुरुजी यांस,

कमरुद्दीन मणेर याचा आधी सलाम, मग नमस्कार, आणि दोन्ही वाटेत कुठं अडकले तर वाकून पायाला हात लावला असं समजावं.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. उशीर म्हणजे अकरा वर्षं. सौरभच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हाच पोचल्याचं कार्ड टाकणार होतो. पण कार्ड टाकायचं तर तुमचे साडेतीनशे रुपयेही टाकायला हवेत, असं मनात यायचं. ते जमले की त्याच दिवशी घरात दुसरं काहीतरी निघायचं, आणि कार्ड राहायचं. पत्रिका मात्र पेटीत जपून ठेवलीय, तिच्यावरचाच नाशिकचा पत्ता या पाकिटावर घालतोय. तुमची तब्येत बरी असेल, सुनीतीवहिनींचे गुडघे चालत असतील, सौरभला एखादं मूल झालं असेल (दोन असतील तर दोघांना आशीर्वाद). इकडे जोहराबीला साखर आहे आणि मला घोर आहे, बाकी खुशाल. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्हाला कमी ऐकू येत होतं ते अकरा वर्षांत वाढलं असणार, आणि माझा फोन तांदळाच्या डब्यात असतो. का असतो ते पुढे येईल.

आधी बातमी सांगतो, नाहीतर माझ्या लिहिण्यात ती हरवेल. गुरुजी, काल माझं बँकेत खातं निघालं. या वयात, डोक्यावर तीन देणी असताना, हातात कोरं पासबुक घेऊन मी बँकेच्या पायऱ्या उतरलो. रात्री ते उशाशी ठेवलं होतं आणि तीनदा उठून बघितलं.

आता हे खातं लागलंच का? तुम्हाला ठाऊक आहे, मी डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरणारा माणूस. पण सहा वर्षांपूर्वी मला दुकानाची हौस आली. नांद्याला इमारती उठत होत्या, एकेका इमारतीत शंभर-शंभर बिऱ्हाडं. मी हिशेब केला, शंभर बिऱ्हाडं म्हणजे दोनशे मनगटं. पतसंस्थेतून दीड लाख काढले, गाळा घेतला, काचेची कपाटं लावली. गुरुजी, मनगटं होती, पण त्यांवर घड्याळं होती, आणि ती घड्याळं म्हणे पावलं मोजतात. बांगडी कुणी घालेना. दोन वर्षांत माझ्याकडे नेमानं येणारं गिऱ्हाईक एकच, जुईली नावाची मुलगी, ती सेफ्टी पिना न्यायची. दुकान बुडालं. आमच्या धंद्यात एक धर्म आहे, हातात भरताना बांगडी वाढली (फुटली म्हणू नये) तर ती बांगडीवाल्याची, बाईकडून पैसे घ्यायचे नाहीत. दुकान माझ्या हातात वाढलं, तेव्हा ते माझं. मी पळालो नाही, फेडतोय. पण पतसंस्थेत जे माझं जुनं खातं आहे त्यात रुपया पडला की हप्त्यात जातो. ते खातं नव्हे गुरुजी, मांजर आहे. त्याच्यापुढं दूध ठेवून मी चार वर्षं मिशा पुसतोय.

तर मागच्या आठवड्यात ही सेफ्टी पिनांची जुईली मला शोधत पौडला आली. ती हिंजवडीला मोठ्या कंपनीत माणसांच्या खात्यात काम करते. श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी कंपनीतल्या तीनशे बायकांना बांगड्या भरायच्या, बाईमागं शंभर रुपये. तीस हजार, एका दिवसात. मी ऐकून खाली बसलो. जोहराबी उभीच होती, ती भिंतीला टेकली. मग जुईली म्हणाली, पैसे खात्यातच येतील, या शुक्रवारच्या आत पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो द्या, नाहीतर वरचे लोक पुण्याच्या एका स्टॉलवाल्याला काम देणार आहेत. मी म्हटलं, रोख नाही का जमणार? ती म्हणाली, कंपनीत रोख नसतेच. (एवढी मोठी कंपनी आणि घरात रोख नाही, म्हणजे माझ्यासारखंच म्हणायचं.)

मांजराचा नंबर देऊन उपयोग नव्हता. तीस हजार आले की ते चाटून बसणार, मग माल कशातून आणायचा आणि पुढचं खायचं काय? म्हणून नवं खातं शोधायला निघालो. पिरंगुटच्या एका बँकेत टाय लावलेल्या माणसानं सांगितलं, खात्यात कायम पाच हजार ठेवावे लागतील. मी म्हटलं, साहेब, माझ्याकडे कायमचे पाच हजार असते तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? तिथून दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या साहेबानं खुर्ची दिली, पाणी दिलं, उधारीचं कार्ड पण घ्या म्हणाला आणि कॉम्प्युटरात माझं नाव घातलं. घातल्यावर त्याचा चेहरा पडला. तुमचे पाचशे साठ आलेत, म्हणाला. मी विचारलं, कितीपैकी? म्हणाला, नऊशेपैकी. गुरुजी, तुम्ही मला चौथीत ओढून पास केलं असतंत तरी एवढे पडले नसते. मी घरी येऊन जोहराबीला सांगितलं की मी फर्स्ट क्लासात आलोय. तिनं गूळ काढला. दुसऱ्या दिवशी कळलं की ते कर्ज बुडवणाऱ्यांचे मार्क असतात आणि एवढ्यात कुणी दारात उभं करत नाही. (गूळ खाऊन झाला होता.)

त्या रात्री मला झोप नाही. घोर हा होता की बँकेनं मला ओळखावं कसं? आणि तुमची आठवण झाली. मुठ्याला मी पहिल्यांदा पेटी उतरवली तो दिवस आठवा. गावात कुणी दार उघडेना. बरोबर आहे, परका माणूस, दुसऱ्याच्या लेकीसुनांचा हात हातात घेणार, त्याला ओळखदार नको? तेव्हा तुम्ही शाळेतून आलात आणि भर आळीत सुनीतीवहिनींना म्हणालात, आधी तू बस. त्यांचे हात भरले आणि मग सगळी आळी पाटावर येऊन बसली. पुढे नदी ओलांडताना माझी पेटी पाण्यात गेली तेव्हा नव्या मालाला साडेतीनशेही तुम्हीच दिलेत. माझे वडील सांगायचे, नव्या गावात शिरायचं तर ओळखदार म्हणून आपला घेणेकरी न्यावा. ज्याचे पैसे आपल्याकडे अडकलेत तो आपल्याबद्दल खोटं चांगलं बोलणार नाही, आणि वाईट बोलून स्वतःचे पैसेही बुडवणार नाही. घेणेकऱ्याइतका खरा साक्षीदार नाही.

झालं. सकाळी उठलो आणि तिन्ही घेणेकऱ्यांना निरोप दिला की मंगळवारी अकरा वाजता पौडच्या बँकेत माझ्यासाठी यावं.

तिघे कोण ते सांगतो. एक आपला जनार्दन किराणावाला, ज्याच्या वहीत माझं एक पान होतं, आता पाच आहेत. दुसऱ्या सारजाबाई, बचत गटाच्या अध्यक्ष, जोहराबीच्या नावावर वीस हजार त्यांनी दिलेत आणि दर सोमवारी आठवण द्यायला येतात, चहाही घेतात. तिसरा निरंजन, पतसंस्थेचा वसुलीवाला. पोरगा गोड आहे, चाचा चाचा करतो, पण दिवसातून सहा फोन करतो, म्हणूनच जोहराबीनं फोन बंद करून तांदळात पुरलाय. (निरंजनला कशाला सांगितलं, म्हणून ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. पण त्याला बाहेरून कळलं असतं तर त्याला काय वाटलं असतं? मला लपवालपवी सोसत नाही.)

आम्ही चौघे बँकेत शिरलो. खिडकीमागं नलिनी नावाच्या बाई होत्या, परभणीकडच्या, नव्या बदलून आलेल्या. फॉर्म द्यायला हात पुढं केला तेव्हाच मी ओळखलं, बांगडीचं माप दोन-सहा. मी सांगितलं, खातं काढायचं आहे, ओळखदार आणलेत. बाई म्हणाल्या, आता ओळखदार लागत नाही काका, आधार पुरतं. मी म्हटलं, तरी ऐकून तर घ्या, एवढे लोक कामं टाकून आलेत. मग तिघांनी साक्ष दिली. जनार्दन म्हणाला माणूस खरा आहे, अकरा हजार चारशे द्यायचेत पण खरा आहे. सारजाबाई म्हणाल्या वीस हजार द्यायचेत पण तोंड चुकवत नाही. निरंजननं चौऱ्याऐंशी हजार सांगितले आणि खाली बघितलं. इथं घात झाला. कारण जनार्दनला वाटत होतं की माझ्या अंगावर त्याचंच तेवढं देणं आहे, आणि सारजाबाईंनाही तसंच वाटत होतं. दोघं माझ्याकडं वळले. सारजाबाई म्हणाल्या, "कमरुभाऊ, म्या तुमच्या घरी येवढा च्या पिली, तवा एकदा तरी बोलायचं की." जनार्दन म्हणाला, च्याची साखर माझ्याच दुकानातली हाय, तीबी पानावर हाय.

रांगेतले लोक ऐकायला पुढं सरकले. मी घाबरून फॉर्म हातात घेतला आणि बघितलं तर त्यात नाव, पत्ता, जन्म, सगळ्याला रकाना आहे, पण कर्जाला रकानाच नाही. मी बाईंना म्हटलं, हे राहिलं वाटतं छापायचं. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहू का? तिन्ही आकडे, तारखांसह? आता न सांगता खातं काढलं आणि उद्या निघालं तर ती फसवणूक होईल. बाईंनी चष्मा काढला. त्या जे बोलल्या ते मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. "काका, हे साधं शून्य शिलकीचं खातं आहे. कर्ज असलेल्या माणसालाही ते मिळतं. इथं तुम्ही आमच्याकडून काही घेत नाही, आम्ही तुमच्याकडून घेतो. तुम्ही पैसे ठेवलेत की देणं बँकेचं."

गुरुजी, मला दोनदा विचारावं लागलं. म्हणजे मी शंभर रुपये ठेवले तर बँक माझं शंभर रुपये देणं लागते? हो म्हणाल्या. जन्माला आल्यापासून मी सगळ्यांचं देणं लागतो, आणि आता पहिल्यांदा कुणीतरी माझं देणं लागणार, तेही पंखे लावलेल्या इमारतीतलं. पण लगेच दुसरा घोर लागला. उधार द्यायचं तर समोरच्याची चौकशी नको? मी अदबीनं विचारलं, बाई, बँकेला ओळखदार कोण? त्या हसायला लागल्या आणि हसता हसता खुर्चीवर मागं गेल्या. सारजाबाई मात्र पुढं झाल्या, आमच्या गटाचं खातं बारा वर्षं हितंच हाय, म्हणाल्या, बँकेला मी वळखते. तेव्हा माझी खात्री पटली.

मग अंगठा. यंत्रावर उजवा लावला, नाही. डावा लावला, नाही. पन्नास वर्षं काच चोळून अंगठ्याच्या रेघाच गेल्यात, त्या तालुक्यातल्या बायकांच्या मनगटांवर असतील कुठंतरी. बाई म्हणाल्या, हरकत नाही, फोनवर आकडा येईल तो सांगा. आणि फोन तांदळात. निरंजननं घरी फोन लावायचा म्हटलं, पण तो बंद आहे आणि त्याच्यामुळंच बंद आहे, हे मला त्याला तोंडावर सांगावं लागलं. पोरगा ओशाळला. मग तो आणि सारजाबाई मोटरसायकलवर फोन आणायला घरी गेले. पुढचं मला नंतर कळलं. जोहराबीनं खिडकीतून वसुलीची मोटरसायकल बघितली. निरंजन एकटा असता तर तिनं नुसती कडी लावली असती, पण मागं सारजाबाई बसलेल्या बघून दाराला पाटाही लावला, आणि आतून सांगितलं की ते हजला गेलेत, दोन महिने येणार नाहीत. निरंजन म्हणाला, चाची, ते बँकेत बसलेत. ती म्हणाली, मग बँकेतूनच गेले असतील. शेवटी सारजाबाईंनी मी घातलेल्या शर्टाचं ठिगळ कोणत्या रंगाचं ते सांगितलं तेव्हा पाटा हलला. फोन आला, हलवला तर त्यातून आंबेमोहोर पडला, पण आकडा आला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता शेवटचा रकाना. बाईंनी विचारलं, वारसदार कोण लावू? मी म्हटलं म्हणजे? त्या म्हणाल्या, तुम्ही गेलात तर खात्यातले पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव. आणि मग गुरुजी, तिघंही एकदम बोलायला लागले. जनार्दननं तर खिशातून आधार कार्ड काढून खिडकीत सरकवलं. निरंजन म्हणाला रक्कम ज्याची मोठी त्याचं नाव. सारजाबाई म्हणाल्या गट बायकांचा हाय, बायकांचं आधी. मी समोर बसलोय, जिवंत आहे, धडधाकट शिंकतोय, आणि माझ्या मागं काय करायचं यावर हमरीतुमरी चाललीय. जनार्दन म्हणाला, "कमरू, तू बोलू नको, तू तवा नसशील."

जोहराबीचं नाव का नाही, असं तुम्ही विचाराल. बाईंनीही विचारलं. पण तिनं सकाळीच बजावलं होतं, पतसंस्थेच्या कागदावर एकदा माझा अंगठा घेतलात तेवढा पुरे, आता माझं नाव कुठंही घालू नका. आणि तिचं घातलं असतं तर मी गेल्यावर हे तिघं तिच्या दारात बसले असते. पाटा तरी किती वेळा लावणार?

तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि म्हटलं, वारसदार लावायचा तर नंबरानं लावा. ज्याचं देणं सगळ्यात जुनं त्याचं नाव. तिघांनी मान हलवली, कारण प्रत्येकाला वाटलं तोच जुना. मग मी तुमचं नाव सांगितलं. चाळीस वर्षांचं देणं, एकदाही मागितलेलं नाही. जनार्दननं कार्ड खिशात घातलं. तो म्हणाला, गुरुजींचं असंल तर मग काय बोलायचं, मलाबी त्यांनीच बाराखडी शिकवली. नात्याच्या रकान्यात मी 'सावकार' लिहिलं. बाईंनी वाचलं, माझ्याकडं बघितलं, खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'मित्र' लिहिलं.

संध्याकाळी पासबुकाचा फोटो जुईलीला गेला. आज सकाळी कंपनीनं खातं खरं आहे का बघायला एक रुपया पाठवलाय. काम पक्कं झालं. या घडीला बँक माझं एक रुपया देणं लागते, आणि मी अजून मागितलेला नाही.

वहिनींना सलाम सांगावा. त्यांचं माप दोन-चार होतं, हिरव्या रेषेच्या एक डझन बांगड्या बाजूला काढून ठेवल्यात.

तुमचा आज्ञाधारक,
कमरुद्दीन मणेर

ता. क. लिहू की नको असं करत पाकीट दोनदा चिकटवून उघडलं. बांगड्यांचा माल आगाऊ रोख दिल्याशिवाय पुण्याचा व्यापारी सोडत नाही. तीनशे डझन, चाळीस रुपये डझन, बारा हजार होतात. तिन्ही घेणेकऱ्यांनी चर्चा करून असं ठरवलं की हे तुम्हाला विचारावं, कारण आता नवीन कुणाकडून घेण्यापेक्षा जुनंच वाढवलेलं बरं. श्रावणाला तीन आठवडे आहेत. जुने साडेतीनशे धरून बारा हजार साडेतीनशे होतील. तुमच्या पैशाला धोका नाही, मी मधेच गेलो तर खात्याचे वारसदार तुम्हीच आहात, तेव्हा तुमचे तुम्हालाच मिळतील. खात्याचा नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय.

आणखी एक. वरचं वाचून दाखवलं तर जोहराबी म्हणते, अकरा वर्षांनी तोंड दाखवायचं आणि पहिल्याच पत्रात हात पसरायचा, लाज नाही वाटत का? वाटते. तेव्हा पैशाचं जमलं नाही तर ती ओळ वाचलीच नाही असं समजा. तिचे कानातले आहेत गहाण टाकायला, ते ती आधीच काढून बसलीय.

शेवटचं. फॉर्म आत घेताना नलिनीबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "हे अण्णासाहेब हयात आहेत ना?" मी छातीठोक हो म्हणालो आणि त्यांनी शिक्का मारला. घरी येईपर्यंत मी बोटांवर तुमचं वय मोजत आलो. तुम्ही ऐंशी ओलांडली असणार, अकरा वर्षांत इकडून कार्ड नाही, तिकडून नाही. गुरुजी, बँकेच्या कागदावर मी खोटं लिहून आलो नाही एवढं एकदा कळू द्या. पैसे राहू देत, बांगड्या राहू देत, दोन ओळी पुरेत. हात थरथरत असेल तर सौरभकडून लिहवून घ्या, पण खाली सही तुमची पाहिजे, ती मी ओळखतो. पोस्टमन पौडला अकरा वाजता येतो. मी उद्यापासूनच दारात बसतो, लवकर कळवा.